उलट्या आट्यांची गाडी

थंडीच्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरून जुन्या मोटारींची मिरवणूक निघते, तेव्हा बघ्यांची नजर बहुधा बॉनेटवर असते. झळाळणारे दिवे, ऐसपैस मडगार्ड, पितळी भोंगा. आजोबा नातवाला सांगत असतात, ‘आमच्या गावात अशी एकच होती, मामलेदारांकडे.’ चाकांकडे मात्र कोणी फारसं पाहत नाही. फिरणाऱ्या चाकात पाहायचं ते काय? पण यातल्या कित्येक गाड्या कुठल्यातरी वाड्याच्या पडवीत, गोठ्यात किंवा बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात वीस-वीस, तीस-तीस वर्षं उभ्या होत्या. त्यांच्या पुनर्जन्मातला पहिला प्रश्न इंजिनाचा नव्हता, रंगाचाही नव्हता. गंजून जागच्या जागी रुतलेली चार चाकं काढायची कशी, हा होता. चाक निघालं तर गाडी हलते, गाडी हलली तर पुढचं सगळं. नाही निघालं, तर गॅसकटर घेऊन भंगारवाला दारात उभा असतोच.

लोखंडाला काम सोसतं, बसून राहणं सोसत नाही. रोज पळणाऱ्या गाडीच्या ब्रेकच्या ड्रमवर रात्रभरात धरलेला गंज सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांत पुसला जातो. उभ्या गाडीत तो पुसायला कोणी नसतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा बोल्टच्या आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत शिरतो, आणि लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. जागा तर नसते. मग तो दोन्ही बाजूंना दाबत सुटतो आणि बोल्ट व त्याचं भोक यांना सांधून टाकतो. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या वाऱ्याने हे काम लवकर उरकतं, देशावर जरा सावकाश. पण होतं सगळीकडे.

बँकेत तारण गाड्यांची प्रकरणं हाताळताना हे मी पुष्कळ पाहिलं. हप्ते थकले म्हणून ताब्यात घेतलेली गाडी वाद मिटेपर्यंत उघड्यावर उभी राही आणि लिलावाच्या दिवशी तिची चाकं फिरत नसत. पोलीस ठाण्यांच्या आवारातल्या मुद्देमालाच्या गाड्या तर सर्वांनीच पाहिल्या आहेत. चाकांतून वेल वर चढलेले असतात. जप्त वाहनं अशी वर्षानुवर्षं ठेवून कोणाचंच भलं होत नाही, ती वेळीच सोडवून द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. तरीही अशी आवारं पूर्णपणे रिकामी झालेली नाहीत.

पण ज्या गाडीबद्दल लिहायचं आहे, ती ना तारण होती ना मुद्देमाल. ती कोल्हापुरातल्या एका वाड्याच्या मागच्या सोप्यात उभी होती. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं ते घर. त्यांचे वडील वकील होते. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला घेतलेली ती डॉज किंग्जवे. १९७९ साली आबा गेले आणि गाडी त्यांच्यामागे एकदाही बाहेर निघाली नाही. वाड्याच्या जागी इमारत उभी करायचं ठरलं, करारावर सह्या झाल्या आणि बिल्डरने जागा मोकळी करून द्यायला पंधरा दिवसांची मुदत दिली. वाड्यातलं सामान हलवता येतं. दीड टनाची गाडी, जिचं एकही चाक फिरत नाही, ती कशी हलवायची?

या गाडीची कुळकथा थोडी सांगायला हवी, कारण पुढचा सगळा पेच त्या कुळातूनच आला होता. हिंदुस्थानात मोटारी बनाव्यात हा ध्यास सर विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात धरला. वालचंद हिराचंद यांनी तो प्रत्यक्षात आणला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे त्याच कारखान्याने फियाट बनवली, तिचीच १९७४ साली पद्मिनी झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली. पद्मिनी सर्वांना आठवते. तिच्या आधीची ही अमेरिकन वळणाची, कुर्ल्यात जुळवलेली भावंडं मात्र विस्मरणात गेली. अंगाने अमेरिकन, जुळणीने कुर्लेकर आणि खोडीने पक्क्या क्रायस्लर.

पहिल्या दिवशी एका टायरवाल्याला बोलावलं. तरुण, अंगापिंडाने मजबूत. त्याने डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाला पाना लावला, पान्याच्या दांड्यात चार फुटी पाइप घातला आणि सगळ्या जगात बोल्ट ज्या दिशेने सुटतो त्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, अंगाचा भार टाकला. बोल्ट हलला नाही. त्याने पाइपवर उभं राहून दोन उड्या मारल्या. ‘कट’ असा आवाज आला आणि बोल्टची मुंडी पान्यात राहिली. दुसऱ्या बोल्टचंही तेच झालं. तिसऱ्याला हात घालण्याआधी घरच्यांनी त्याला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि वजनाच्या हिशेबाने आकडा सांगितला. ‘जागेवर कापतो, संध्याकाळपर्यंत सोपा झाडून देतो.’ थोरल्या बंधूंना ते पटलं. पुण्याहून येऊन-जाऊन करणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते पटावं यात नवल नाही. घसाऱ्याचा नियम लावला तर त्या गाडीची पुस्तकी किंमत केव्हाच एक रुपयावर आली असणार, आणि एक रुपयाच्या वस्तूसाठी बिल्डरची मुदत कोण चुकवेल? पण गाडीच्या कागदांवर अजून आबांचंच नाव. वारस तिघं, दोन भाऊ आणि एक बहीण. आक्का म्हणाल्या, ‘आबांनी मला या गाडीतून सासरी पोचवलं. कापायची असेल तर माझी सही मिळणार नाही.’ वाड्याच्या वाटणीत ज्यांनी एका शब्दाने कुरकूर केली नव्हती, त्या आक्का गाडीपाशी अडल्या. त्या रात्री घरात कोणी कोणाशी फारसं बोललं नाही, असं माझ्या मित्राने मला फोनवर सांगितलं. मी सांगलीला एका कार्यक्रमासाठी आलोच होतो. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर गाठलं.

त्याच सकाळी शिवाजी उद्यमनगरातून एक मिस्त्री आले. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे लेथ, ओतकाम आणि इंजिनं यांचं गाव; तिथे बिघडलेलं यंत्र बोलावं तसं माणसांशी बोलतं. मिस्त्री सत्तरीचे, अंगात खाकी शर्ट, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी आल्या आल्या पान्याला हातच लावला नाही. तारेचा ब्रश मागितला, खाली बसले आणि डाव्या चाकाच्या उरलेल्या बोल्टांच्या मुंड्या एकेक करून घासू लागले. दहा मिनिटांनी मला म्हणाले, ‘साहेब, तुमचे डोळे चांगले असतील तर बघा. हितं काय लिवलंय?’

मुंडीवर एक अक्षर उठलेलं होतं. इंग्रजी ‘एल’.

‘लेफ्ट,’ मिस्त्री म्हणाले. ‘उलट्या आट्याची गाडी हाय. पोरगं रात्रंदिस जोर लावून बोल्ट आवळत हुतं.’

हीच ती क्रायस्लरची खोड. त्या कंपनीच्या गाड्यांना उजव्या बाजूच्या चाकांना नेहमीच्या सुलट्या आट्यांचे बोल्ट असत, पण डाव्या बाजूला उलट्या आट्यांचे; ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. यामागे एक विचार होता. गाडी पुढे जाताना डावं चाक, बाहेरून पाहिलं तर, घड्याळाच्या उलट फिरतं. त्या फिरण्याने सुलट्या आट्यांचे बोल्ट हळूहळू ढिले होतील, ही भीती. म्हणून त्या बाजूला आटेच उलटे पाडले. बोल्टची उतरती बसक नीट असेल आणि तो पुरेसा आवळला असेल तर ही भीती बाळगायचं कारण नाही, हे पुढे अनुभवाने ठरलं आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत त्या कंपनीच्या मोटारींवरून गेली. पण जुन्या गाड्या त्यांचं जुनं शहाणपण घेऊन उभ्याच आहेत, आणि दर पिढीत एखादा बलदंड तरुण त्यांच्या मुंड्या तोडतो.

गंमत अशी की तारांच्या चाकांच्या इंग्रजी गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ जुन्या एम.जी.मध्ये, नेमका उलटा प्रकार आहे. तिथे पाच बोल्ट नसतात. मधोमध एकच मोठा पंखाचा नट असतो आणि तो तांब्याच्या किंवा चामड्याच्या हातोड्याने ठोकून फिरवायचा असतो. त्या गाड्यांत उलटे आटे उजव्या बाजूला. मधला मोठा नट चाकाच्या उतरत्या बसकेत बसलेला असतो. चाक पुढे फिरतं तसा तो किंचित मागे सरकायला पाहतो. ते सरकणं त्याला आवळणारं ठरावं, अशी आट्यांची दिशा ठेवलेली असते. म्हणजे एकाच प्रश्नाला दोन कंपन्यांची दोन विरुद्ध उत्तरं, आणि आपापल्या रचनेत दोन्ही चालली. म्हणून जुनी गाडी उघडताना ताकदीच्या आधी तिची जात विचारावी लागते. नटावर बाण असतो, मुंडीवर अक्षर असतं. गंजाखाली ते वाचायचं असतं.

दिशा कळली म्हणून बोल्ट लगेच सुटत नाहीत. मिस्त्रींनी प्रत्येक बोल्टच्या मुळाशी पातळ तेल सोडलं, मुंडीवर हातोड्याने हलके, मोजून दहा-बारा ठोके दिले आणि म्हणाले, ‘आता उद्या.’ थोरले बंधू कासावीस झाले. मुदतीतले दिवस चालले होते. मिस्त्री शांतपणे म्हणाले, ‘हितं जोर चालत न्हाई साहेब, येळ चालतो.’ तेलाला आट्यांच्या फटीतून आत उतरायला वेळ लागतो. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल पुढे सरकतं. सकाळी तेल, संध्याकाळी तेल, मध्ये ठोके. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी पाना लागला. गाडी अजून जमिनीवरच होती. हे महत्त्वाचं आहे, कारण पुष्कळ जण आधी जॅक लावतात आणि मग बोल्टशी झोंबतात. त्या झटापटीत गाडी जॅकवरून घसरते. बोल्ट आधी जमिनीवर ढिले करायचे, गाडी मागाहून उचलायची. मिस्त्रींनी पहिल्यांदा बोल्ट आवळण्याच्या दिशेने केसभर दाबला. मला वाटलं, हे काय करताहेत? पण गंजाची पकड मोडायला पुढे-मागे अशी जराशी हालचाल लागते. एकाच बाजूला ओढत राहिलं तर मुंडी तुटते. केसभर पुढे, केसभर मागे, मग पुन्हा तेल. उजव्या बाजूचे दहाही बोल्ट दुपारपर्यंत निघाले. डाव्या बाजूच्या उरलेल्या आठांपैकी सहा निघाले. दोन अडून बसले.

त्या दोघांना उष्णता द्यावी लागली. इथे मिस्त्रींनी सर्वांना लांब उभं केलं. टायरमध्ये हवा असताना चाकाला ज्योत लावणं म्हणजे बॉम्बला काडी लावण्यासारखं. आतली हवा तापते, रबर विरघळून वायू होतो आणि चाक फुटतं; अशाने माणसं गेली आहेत. या टायरमध्ये हवा नव्हती, तरी त्यांनी व्हॉल्व्ह काढून टाकला, रबरावर ओली पोती गुंडाळली, वाळूची बादली जवळ ठेवली आणि ज्योत अगदी बारीक करून फक्त मुंडीपुरती धरली. मुंडी तापली तशी ज्योत बाजूला केली आणि बोल्टच्या मुळाशी साधी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. थंड होताना लोखंड आक्रसतं, पकड सैल होते आणि मेण वंगणाचं काम करतं. संध्याकाळी दोन्ही बोल्ट निमूटपणे घड्याळाच्या दिशेने फिरले.

गाडी उचलली, अॅक्सलखाली जाड लाकडी ठोकळे दिले. विटा नकोत, वीट भाराखाली न सांगता फुटते. आणि तरीही चाक जागचं हललं नाही! बोल्ट नसतानाही ते गंजाने ड्रमला चिकटून होतं. मग टायरवर आतल्या बाजूने लाकडी मोगरीचे ठोके, चाक थोडं फिरवता आलं नाही म्हणून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, असे आळीपाळीने. अकराव्या की बाराव्या ठोक्याला तांबूस भुगा खाली सांडला आणि चाक मिस्त्रींच्या पोराच्या हातात आलं. तुटलेल्या दोन बोल्टांचे बुंधे आता ड्रममधून बाहेर डोकावत होते. तुटका बोल्ट काढायचं बाजारात मिळणारं साधन इथे निरुपयोगी, कारण तेही घड्याळाच्या उलट फिरतं आणि उलट्या आट्यांना आवळतच जातं. मिस्त्रींनी प्रत्येक बुंध्यावर एक नट बसवून वेल्ड केला. वेल्डिंगच्या उष्णतेने आटे सैल झाले आणि निवल्यावर नटाला पाना लावून बुंधे बाहेर काढले.

पुढे ब्रेकचं प्रकरण होतं. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे असतो. तो सुटा असल्याची खात्री मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी करून घेतली होती. म्हणजे चाकं अडली होती ती ड्रमला चिकटलेल्या ब्रेकच्या लायनरमुळे. पुढचे दोन ड्रम, पाठच्या पत्र्यावरचे बोल्ट फिरवून शू मागे घेतल्यावर, बेअरिंगसकट सरळ निघाले. मागचे ड्रम मात्र क्रायस्लरची दुसरी खोड. अॅक्सलचं टोक निमुळतं आणि त्यावर ड्रम पाचरीसारखा ठाकून बसवलेला. तो काढायला जाडजूड पुलर लागतो. मिस्त्रींनी टोकाचा मोठा नट ढिला केला, पण काढला नाही. चार आटे तसेच धरून ठेवले. मग पुलर चढवला, आवळला, त्याच्या मधल्या स्क्रूवर घणाचा एक ठोका दिला, पुन्हा आवळला आणि रात्र झाली म्हणून हात धुतले. ‘ताणात राहू दे. रातीत सुटंल.’

रात्री दीडच्या सुमारास सोप्यातून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला. घर जागं झालं. दिवा लावून पाहिलं तर ड्रम पाचरीतून सुटून पुढे आला होता आणि त्या राखून ठेवलेल्या नटाला अडकून थांबला होता. तो नट नसता तर पुलरसकट ड्रम सोप्यात उडाला असता. थोरले बंधू त्या रात्री पहिल्यांदा हसले. म्हणाले, ‘आबा ओरडले.’

या सगळ्या दिवसांत दुसरीकडे हिशेबही चालू होता, कारण गाडी मोकळी करून ती ठेवायची कुठे आणि कशासाठी, हा प्रश्न होताच. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम केले. मूळ रूपात राखलेली, साटा, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढच्या नोंदणीला पाच हजार. जिचा जुना क्रमांक नोंदलेला आहे ती तो राखू शकते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. हे वाचून दाखवल्यावर थोरले बंधू म्हणाले, ‘म्हणजे आपल्यासारखीच. कार्यक्रमाला जायचं आणि डॉक्टरकडे.’ पण त्या नियमातली ‘मूळ रूपात’ ही अट त्यांच्या मनात बसली. गॅसकटरने कापलेल्या गाडीला कुठलंच रूप राहिलं नसतं. वारसांच्या सह्यांचा कागद तयार झाला. कापायचा नव्हे, आक्कांच्या मुलाच्या नावे गाडी करायचा.

मुदत संपायला तीन दिवस असताना ड्रम घासून पुन्हा बसवले, कामचलाऊ टायर चढवले आणि गाडी सोप्यातून निघाली. ब्रेक नव्हते. म्हणून दोन माणसं चाकांबरोबर हातात लाकडी ओंडके घेऊन चालत होती आणि आठ जण मागून लोटत होते. स्टिअरिंगवर थोरले बंधू. दिंडी दरवाजातून ती बाहेर आली तेव्हा गल्लीतली सगळी पोरं लोटायला धावली. ट्रेलरवर चढून ती शहराबाहेरच्या एका शेडमध्ये गेली. इंजिन चालेल की नाही, हा पुढचा अध्याय; त्याला वर्ष-दोन वर्षं लागतील.

ज्यांच्या दारात अशी एखादी गाडी उभी आहे, मग ती डॉज असो, अँबॅसॅडर असो की पद्मिनी, त्यांनी एवढं करावं. गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे टायरवर भार येत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक चाक हाताने फिरवावं. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावं. हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी चाकाला ओंडका लावावा. आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, बोल्ट ढिले करून आटे घासून पुन्हा बसवावेत. खर्च काहीच नाही, एक रविवार जातो.

डाव्या बाजूचे जुने बोल्ट पुन्हा वापरण्याजोगे राहिले नव्हते. उलट्या आट्यांचे बोल्ट दुकानात मिळत नाहीत. उद्यमनगरातल्या एका टर्नरने लेथवर दहा बोल्ट पाडून दिले. ते न्यायला मिस्त्री गेले, तेव्हा मी बरोबर होतो. बोल्ट तेलकट कागदात गुंडाळलेले होते. मिस्त्रींनी एकेक बाहेर काढून मुंडी पाहिली आणि कागद तसाच परत टेबलावर ठेवला. ‘अक्षर राहिलं,’ ते टर्नरला म्हणाले. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं, ठसा शोधला आणि दहाही मुंड्यांवर एकेक ठोका देऊन ‘एल’ उठवला. मी विचारलं, आता सर्वांना ठाऊक आहे, मग अक्षराचं काय एवढं?

मिस्त्री पैसे मोजत होते. मान वर न करता म्हणाले, ‘आपल्याला ठावं हाय. तीस वर्सांनी जो खोलंल, त्येला कोण सांगणार?’